नाव फॉक्सचं, कारखाना कुणाचा?

प्रश्न असा आला आहे: "माझे सासरे अमेरिकन, पश्चिम पेनसिल्व्हेनियातले. ते गेल्यावर कपाटात दोन दुनळ्या सापडल्या. दोन्हींवर फॉक्स हे नाव आहे. एक सोळा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), तिच्यावर 'स्टर्लिंगवर्थ' आणि 'युटिका' असं कोरलंय. नंबर सहा आकडी, ३७५ ने सुरू होणारा. दुसरी बारा बोअर, 'फॉक्स मॉडेल बी', गाव 'चिकोपी फॉल्स', आणि तिच्यावर नंबरच नाही. कुणी घासून तर काढला नाही ना? नवऱ्याचा चुलतभाऊ म्हणतो, खरी फॉक्स फिलाडेल्फियाचीच, सॅव्हेजने कंपनी घेतल्यावर सगळा कचरा. दोन्ही बंदुका कधीच्या? त्यांची तुलना कशी करायची? आणि एच-१ व्हिसावर असलेल्या माझ्या भाच्याला त्यातली बी वापरायला दिली तर चालेल का?"

ताई, नंबरच्या भीतीचं आधी मिटवू. अमेरिकेत प्रत्येक बंदुकीवर नंबर असलाच पाहिजे, हा नियम १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने आला. त्याआधी स्वस्तातल्या दुनळ्यांवर आणि लहान रायफलींवर बरेच कारखाने नंबर टाकतच नसत, आणि सॅव्हेजच्या मॉडेल बीवर तो नसणं अगदी नेहमीचं. मूळचाच नंबर नसलेली जुनी बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा नाही. असलेला नंबर काढून टाकलेली बंदूक बाळगणं हा मात्र गंभीर गुन्हा आहे. दोन्हींतला फरक डोळ्यांना कळतो. घासलेल्या जागी पोलाद किंचित खोलगट होतं, तेवढ्यापुरता रंग वेगळा दिसतो, कानसेचे ओरखडे आडवे चमकतात. फ्रेमच्या, म्हणजे नळ्या जिच्यावर बसतात त्या पोलादी अंगाच्या, खालच्या बाजूवर बॅटरीचा उजेड तिरका धरा. पृष्ठभाग सलग, एकाच रंगाचा आणि सगळीकडे सारखाच झिजलेला असेल तर निर्धास्त राहा. अर्थात हे सगळं करण्याआधी दोन्ही बंदुका उघडून नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघा. वारलेल्या माणसाच्या कपाटातली बंदूक भरलेली निघणं फारसं दुर्मीळ नाही.

आता चुलतभावाचं म्हणणं. अर्धं बरोबर आहे, पण रेघ त्यांनी चुकीच्या जागी ओढली आहे. त्यासाठी या नावाचा प्रवास थोडा सांगावा लागेल.

अ‍ॅन्स्ली फॉक्स हा पट्टीचा नेमबाज. बाल्टिमोरला आणि मग फिलाडेल्फियात एकदोन कंपन्या करून झाल्यावर १९०५ च्या सुमाराला त्याने ए. एच. फॉक्स गन कंपनी उभी केली. त्याची बंदूक यंत्र म्हणून फार देखणी. एका कुलपात, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेत, मुख्य हलणारे भाग तीनच: घोडा (त्याच्याच तोंडाला फायरिंग पिन, वेगळी नाही), सीअर (घोडा अडवून धरणारा खटका) आणि गुंडाळीची कमान. त्या काळच्या बऱ्याच बंदुकांत पानकमान असायची आणि थंडीत ती कधीतरी तुटायची. फॉक्समध्ये ती कटकट नाही. पण १९१० नंतर दोनेक वर्षांतच कंपनीचा ताबा दुसऱ्यांकडे गेला आणि फॉक्स स्वतः बाहेर पडला. पुढे त्याने हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या मोटारीसुद्धा काढल्या. म्हणजे चुलतभाऊ जिला 'खरी फिलाडेल्फियाची फॉक्स' म्हणतात, तिच्यापैकी बहुतेक बंदुका फॉक्स गेल्यानंतरच्याच आहेत. माणूस गेला, नाव विकलं गेलं, आणि बंदूक जशी होती तशीच चांगली राहिली. पुढच्या मालकीबदलाकडेही हीच नजर ठेवून बघायला हवं.

दुसरा बदल नोव्हेंबर १९२९ चा. सॅव्हेज आर्म्सने फॉक्स कंपनी विकत घेतली आणि १९३० मध्ये यंत्रं, साचे आणि अर्धवट झालेला माल न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला हलवला. तिथे स्टर्लिंगवर्थ (फॉक्सची सगळ्यांत साधी बंदूक) आणि वरच्या दर्जाच्या फॉक्स बंदुका दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत होत राहिल्या. यंत्रं तीच, रचना तीच, नळ्या बंद धरणारा, गोल फिरणारा वरचा बोल्टही तोच. खर्च कमी करायचा दबाव त्या मंदीच्या काळात होता आणि तो लाकडात, चेकरिंगमध्ये (पकडीसाठी लाकडावर कोरलेल्या चौकड्यांत), पॉलिशमध्ये कधीकधी दिसतो. पण मी युटिकाच्या बऱ्याच स्टर्लिंगवर्थ उघडल्या आहेत आणि कुलपाच्या आत मला फिलाडेल्फियापेक्षा हलकं काम दिसलेलं नाही. बाजारात फिलाडेल्फियाला थोडा जास्त भाव मिळतो तो शिक्क्याचा. नेमबाजीसाठी बंदूक घेणाऱ्याने तो फरक द्यायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत.

खरी तुटलेली जागा पुढे आहे. सॅव्हेजकडे १९२० पासून स्टीव्हन्स ही आणखी एक कंपनी होती, स्वस्त आणि दणकट बंदुकांची. १९४० च्या सुमाराला सॅव्हेजने त्या स्टीव्हन्सच्या घराण्यातली एक दुनळी थोडी नटवून बाजारात आणली आणि तिच्यावर नाव टाकलं 'फॉक्स मॉडेल बी'. अ‍ॅन्स्ली फॉक्सच्या बंदुकीशी तिचं यंत्राचं काहीही नातं नाही. तिचे खरे भाऊबंद स्टीव्हन्स ३११ वगैरे. एकट्या सॅव्हेजनेच हे केलं असं नाही. लीफीव्हर कंपनी १९१६ मध्ये इथाकाने घेतली आणि १९२१ पासून 'लीफीव्हर नायट्रो स्पेशल' ही स्वस्त दुनळी त्या मोठ्या नावाने विकली. उलट पार्कर १९३४ मध्ये रेमिंग्टनकडे गेली आणि एल. सी. स्मिथ १९४५ मध्ये मार्लिनकडे, तिथे नावाबरोबर बंदूकही तीच राहिली. म्हणून मालक कधी बदलला यापेक्षा आतली रचना कधी बदलली, हे आधी शोधायचं.

आपल्याकडच्या वाड्यांतून वेबली अँड स्कॉट किंवा ग्रीनरच्या दुनळ्या ज्यांनी हाताळल्यात त्यांना एक सवय असते: नळ्या काढायच्या आणि खालच्या सपाटीवरचे प्रूफचे, म्हणजे नळ्यांच्या दाबचाचणीचे, शिक्के वाचायचे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस कायद्याने बंधनकारक, त्याचे नियम १९०४, १९२५, १९५४ असे बदलत गेले, आणि शिक्क्यांवरून काळ बराचसा कळतो. ग्रीनर १९६५ मध्ये वेबलीकडे गेली तरी शिक्के तटस्थपणे खरं सांगतात. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस नाहीच. इथे जे काही कोरलंय ते सगळं कारखान्याने स्वतः कोरलेलं, त्यामुळे पुरावा चार ठिकाणांहून गोळा करावा लागतो आणि एकट्या शिक्क्यावर भिस्त ठेवता येत नाही.

तुमची सोळा बोअर घेऊ. फॉक्सने नंबरांचे गट बोअर आणि दर्जाप्रमाणे वेगळे ठेवले होते. बारा बोअरच्या वरच्या दर्जाच्या बंदुका १ पासून, बारा बोअर स्टर्लिंगवर्थ ५०,००० पासून, वीस बोअर दर्जेदार २,००,००० पासून आणि वीसची स्टर्लिंगवर्थ २,५०,००० पासून, सोळा बोअर दर्जेदार ३,००,००० पासून, आणि सोळाची स्टर्लिंगवर्थ ३,५०,००० पासून साधारण ३,७८,००० च्या थोडं पुढेपर्यंत. तुमचा ३७५ ने सुरू होणारा नंबर या शेवटच्या गटात बसतो, गटाच्या शेवटाकडे पडतो, आणि नळीवर युटिका आहे. तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात: १९३० नंतरची, सॅव्हेजच्या काळातली, पण अस्सल फॉक्स रचनेची स्टर्लिंगवर्थ.

यापुढे जाऊन 'अमुकच साल' असं मी सांगणार नाही, कारण फॉक्सचे नंबर बंदूक कारखान्यातून बाहेर पडली त्या क्रमाने लागलेले नाहीत. फ्रेमवर नंबर पडायचा, फ्रेम कपाटात पडून राहायची, आणि गिऱ्हाईक आलं की बांधली जायची. शेजारच्या नंबरच्या दोन बंदुका काही वर्षांच्या अंतराने विकल्या गेल्याची उदाहरणं आहेत. नेमकं साल हवं असेल तर कारखान्याची कार्डं हाच रस्ता. बऱ्याच फॉक्स बंदुकांची कार्डं शिल्लक आहेत, आणि थोडे पैसे भरून त्यावरून पत्र मागवता येतं, ए. एच. फॉक्स कलेक्टर्स असोसिएशनकडे चौकशी केलीत तर सध्या पत्र कोण देतं ते कळेल. मूळची नळीची लांबी, चोक (नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळपणा), दस्त्याचं माप, कुणाला पाठवली, असं बरंच काही कार्डावर निघू शकतं. पुढे कधी विकायची झाली तर ते पत्र बंदुकीबरोबर द्यायचं.

नळीवरच्या गावाबद्दल दोन खोड्या लक्षात ठेवा. पहिली: कारखाना हलतो तेव्हा उरलेला मालही हलतो. फिलाडेल्फियाचा शिक्का असलेल्या नळ्या युटिकात बांधलेल्या फ्रेमवर दिसल्या तर कुणी नळ्या बदलल्या असं लगेच धरू नका. आधी नंबर जुळवा. फ्रेमच्या सपाटीवर, नळ्यांच्या खाली आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर, तिन्ही ठिकाणी तोच नंबर हवा. तिन्ही जुळले तर जोडी मूळची. दुसरी खोडी जास्त फसवी: मॉडेल बी सुरुवातीची काही वर्षं युटिकातच होत होती. म्हणजे 'फॉक्स' आणि 'युटिका' हे दोन्ही शब्द अस्सल फॉक्सवरही सापडतात आणि बीवरही. अशा वेळी शिक्के वाचायचं सोडा आणि बंदूक उघडा. अस्सल फॉक्समध्ये दोन नळ्यांच्या मधल्या वरच्या पट्टीची एक जीभ मागे आलेली असते आणि फ्रेमच्या तोंडावरच्या खाचेत बसते. वरची दांडी सोडली की आतला गोल बोल्ट फिरून त्या जिभेला पकडतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

उलट बाजूचीही गंमत आहे. १९१० च्या सुमाराला आलेल्या पहिल्या स्टर्लिंगवर्थ बंदुकांवर फॉक्सचं नावच नव्हतं. 'स्टर्लिंगवर्थ कंपनी, वेन जंक्शन, फिलाडेल्फिया' एवढंच. स्वस्त मालाने मोठ्या नावाला धक्का लागू नये म्हणून कंपनीने स्वतःलाच लपवलं, आणि माल खपतोय म्हटल्यावर नाव परत टाकलं. आज त्याच 'वेन जंक्शन' बंदुकांमागे संग्राहक धावतात.

आता बी. चिकोपी फॉल्स हे मॅसॅच्युसेट्समधलं स्टीव्हन्सचं जुनं गाव. युद्ध संपल्यावर सॅव्हेजने युटिका आवरून १९४६-४७ मध्ये कारभार तिथे नेला आणि १९६० मध्ये वेस्टफील्डला हलवला. तुमची बी त्यामुळे आपोआपच या दोन टोकांच्या मध्ये येते. सालापर्यंतही पोचता येईल. १९४९ पासून सॅव्हेजने आपल्या बंदुकांवर एक छोटं वर्तुळ ठोकायला सुरुवात केली. त्यात एक आकडा आणि एक अक्षर असतं. पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा, आणि फ्रेमच्या खालच्या बाजूला, बिजागरीच्या आसपास बघा. मिरीएवढं असतं, त्यात मळ बसलेला असतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने थोडं तेल लावून साफ करा. आकड्यावरून साल कळत नाही, अक्षरावरून कळतं. ए म्हणजे १९४९, बी १९५०, सी १९५१, असं पुढे. एच म्हणजे १९५६, के १९५९, एल १९६०. पुढे ओ आणि क्यू ही दोन अक्षरं गाळली आहेत, कारण शून्याशी घोटाळा होतो. त्यामुळे एन १९६२, पी १९६३, आर १९६४, आणि एक्स १९७०. वर्तुळ सापडलंच नाही तर बंदूक १९४९ च्या आधीची असण्याची शक्यता वाढते. नळीवर 'सिरीज एफ', 'सिरीज एच' असं काही दिसलं तर ते या अक्षरांत मोजू नका. ती मालिका आहे, साल नव्हे, आणि विक्रेतेसुद्धा इथे सर्रास गल्लत करतात.

तुलनेचं म्हणाल तर या दोघींना एका तराजूत घालणं मला पटत नाही. स्टर्लिंगवर्थ फॉक्सची सगळ्यांत साधी बंदूक, पण तिचं कुलूप आणि बोल्ट त्याच रचनेचे आहेत जी रचना वरच्या दर्जाच्या फॉक्समध्ये असते. तिथे पैसे नक्षीला, लाकडाला आणि हातकामाला पडतात. १९०९ च्या आफ्रिकेच्या शिकारीसाठी थिओडोर रूझवेल्टला भेट दिलेली एफ-ई दर्जाची फॉक्स २०१० मध्ये लिलावात ८,६२,५०० डॉलरला गेली. ती बातमी आल्यापासून प्रत्येक फॉक्सवाल्याला आपल्या घरात सोनं आहे असं वाटायला लागलं. ती किंमत रूझवेल्टची होती. तुमची सोळा बोअर चांगल्या स्थितीत असेल तर मागणी असलेली, हलकी, वापरायला सुंदर बंदूक आहे, एवढं समाधान पुरे. मॉडेल बी जड, बोजड, पण सोसणारी. पावसात, चिखलात, क्लेच्या, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या, मैदानावर नवशिक्याच्या हातात द्यायला मी बीच देईन. तिला कचरा म्हणणाऱ्याने ती कुणासाठी बनवली होती याचा विचार केलेला नाही.

दोन्हींची तब्येत मात्र एकाच पद्धतीने तपासायची. नळ्या उतरवा, खालच्या लगमध्ये (नळ्यांखालच्या पोलादी आकड्यात) दोरी किंवा बोट अडकवून मोकळ्या लटकवा, आणि लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारा. काशाच्या ताटासारखा लांबत जाणारा नाद आला तर मधल्या पट्ट्या घट्ट आहेत. 'थड' असा मेलेला आवाज आला तर कुठेतरी डाक सुटलाय, आणि ती बंदूक कारागिराकडे गेल्याशिवाय वापरायची नाही. मग नळ्या परत बसवा, पुढचं लाकूड काढून ठेवा आणि बंद बंदूक हलवून बघा. नळ्या आणि फ्रेम यांच्यात खुळखुळ जाणवता कामा नये. फॉक्समध्ये वरच्या दांडीची जागाही बघा. नव्या बंदुकीत बंद केल्यावर ती मध्यरेषेच्या उजवीकडे राहते आणि बोल्ट झिजत जाईल तशी मध्याकडे सरकते. झीज भरून काढण्यासाठीच तो बोल्ट तसा केलाय. ती डावीकडे गेली असेल तर बंदुकीने खूप काम केलंय, किंवा कुणीतरी आत हात घातलाय. नळ्यांच्या तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना टेकतात का तेही बघा. मध्ये फट असेल आणि ती भरलेली असेल तर नळ्या कापल्या आहेत, म्हणजे चोक गेला आणि किंमतही. स्क्रूंच्या खाचा पेचकसाने ओरबाडलेल्या दिसल्या तर समजा, घरच्या घरी दुरुस्ती झाली आहे.

सोळा बोअरच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट राहिली: चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा. आज दुकानात मिळणारं सोळा बोअरचं अमेरिकन काडतूस २ ३/४ इंचाचं, म्हणजे ७० मिलिमीटर. पण सोळाचं जुनं अमेरिकन माप २ ९/१६ इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर होतं, आणि फॉक्सची पद्धत अशी की चेंबर काडतुसापेक्षाही थोडं आखूड कापायचं, सोळाला बहुधा २ ७/१६ इंच, जेमतेम ६२ मिलिमीटर. घोटाळा असा की ७० चं काडतूस त्या चेंबरमध्ये निमूटपणे आत जातं, बंदूक बंदही होते, कारण लांबी मोजतात ती काडतुसाचं तोंड उघडल्यावरची. बार काढताना तोंड उघडतं आणि पुढच्या निमुळत्या भागात घुसतं. वाट अरुंद होते, दाब चढतो, खांद्याला नेहमीपेक्षा जास्त दणका बसतो. बंदूक त्या एका बाराने फुटेल असं नाही, पण दस्त्याचं डोकं तडकायला लागतं. युटिकाच्या उशिराच्या काही बंदुकांत चेंबर लांब असू शकतं, किंवा मधल्या काळात कुणी ते वाढवलेलं असू शकतं, आणि वाढवलेलं असेल तर तिथली भिंत किती पातळ झाली तेही मोजायला हवं. गेज आणि भिंत मोजायचं यंत्र असलेल्या कारागिराकडे हे काम अर्ध्या तासाचं. पोलादी छर्ऱ्याची काडतुसं दोन्हींपैकी एकीतही घालू नका. बदकांच्या शिकारीला इथे १९९१ पासून देशभर शिसं बंद आहे, तेव्हा तिकडे न्यायची असेल तर बिस्मथच्या मऊ छर्ऱ्याचं काडतूस घ्यायचं. महाग पडतं पण नळ्या वाचतात.

भाच्याबद्दल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. अपवाद मोजके आहेत, त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना हातात असणं. ग्रीन कार्ड झालं की ही अडचण राहत नाही. तेव्हा परवाना नसताना त्याच्या हातात बंदूक देऊ नका, कारण ज्याला मनाई आहे त्याला जाणूनबुजून देणाराही अडचणीत येतो. पेनसिल्व्हेनियाचे आणि केंद्राचे नियम दोन्ही लागू होतात, म्हणून एकदा वकिलाशी बोला. दोन्ही बंदुका पन्नास वर्षांपेक्षा जुन्या ठरल्या तर त्या 'क्युरिओ अँड रेलिक' (संग्रहाच्या जुन्या बंदुका) वर्गात येतात, पण ती सोय संग्राहकाच्या परवान्यासाठी आहे. भाच्याच्या व्हिसाचा प्रश्न तिने सुटत नाही.

बीचं पुढचं लाकूड काढून वर्तुळाचा आणि सोळा बोअरच्या तिन्ही नंबरांचा जवळून फोटो काढा, उजेड तिरका ठेवून, फ्लॅश बंद करून. अक्षर पुसट असेल तर खडूची पूड चोळून वरवर पुसली की ते उठून दिसतं. आणि चेंबर मोजून होईपर्यंत सोळा बोअरची काडतुसं विकत घेऊ नका, कुठल्या लांबीची घ्यायची ते मापावरूनच ठरेल.